ठकीचं अडलेलं पाऊल

शमे, पाय आत घे. गोधडी काय तुझ्या एकटीची आहे? दिग्याला दे जरा. आणि मधे मधे बोलायचं नाही, आधीच सांगून ठेवते. परवा तुमच्या बडबडीत माझा राक्षस गोष्टीतून निघूनच गेला. हं, ऐका आता.

तर कुठल्याशा मुलखात, फार फार मागे, एक राजा राज्य करायचा. माणूस चांगला होता बरं का. पण राजे चांगले असले तरी हट्टी असतात, तसा हाही होता. त्याला एक राणी आणि एकुलता एक मुलगा. मुलाचं नाव उदाजी, पण सगळे त्याला उदाच म्हणायचे. तुझ्याएवढा असेल, दिग्या. पुढचे दोन दात पडलेले आणि नवे अजून यायचे होते.

दिवाळी तोंडावर आली. घराघरातून भाजणीचा वास सुटला. उदा अंगणात मातीचा किल्ला करत बसला. बापाचे चांगले खरेखुरे किल्ले होते डोंगरावर, पण ह्याला आपला मातीचाच हवा. गावातली पोरं गोळा केलेली, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात. मग एके दिवशी त्याला ताप भरला. वैद्य झाले, अंगारे झाले, नवस झाले. ताप काही उतरला नाही. आणि अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी उदा गेला.

हो, गेला. गोष्टीतसुद्धा होतं असं. डोळे पूस, शमे, आणि पुढचं ऐक.

मग राजानं काय केलं, दवंडी पिटली. म्हणाला, "माझ्या घरात अंधार आहे, तर कुणाच्याच घरात दिवाळी नाही. माझ्या घरी दुखवटा, तर साऱ्या राज्यात दुखवटा. मी सांगेपर्यंत कुणी कढई चढवायची नाही, कंदील लावायचा नाही, दारात रांगोळी काढायची नाही."

लोकांनी ऐकलं. नुसत्या भीतीनं ऐकलं असं नाही हं. उदा सगळ्यांचाच लाडका होता, कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायचा आणि मागून खायचा. बायकांनी तळलेलं झाकून ठेवलं. पुरुषांनी बांधलेले कंदील उतरवले. मग संक्रांत आली, तिळगूळ नाही. पाडवा आला, गुढी नाही. पोळ्याला बैल तसेच गोठ्यात उभे, ना शिंगाला रंग ना पाठीवर झूल. पुन्हा दिवाळी आली आणि अंधारातच निघून गेली. मग तिसरी. राजा काही सांगेना, आणि राजाला विचारायला कुणी जाईना.

आणि मग एक नवल झालं. आता मला सांगा, तुमचं वय आपण कशावरून मोजतो? शमीनं इतक्या दिवाळ्या पाहिल्या, दिग्यानं तितक्या पाहिल्या, असंच ना? त्या राज्यात दिवाळीच झाली नाही. मग पोरांनी मोठं व्हायचं कसं? ती आपली होती तेवढीच राहिली.

आयांना आधी पत्ताच नाही. सदरे तोकडे होईनात, त्या म्हणाल्या बरं झालं, शिवायला नको. मग बघतात तर पडलेले दात काही उगवत नाहीत. पाळण्यातलं पाळण्यातच. रांगणारं रांगतंच आहे. मोठी माणसं मात्र झपाझप म्हातारी होत होती. मोठ्यांना म्हातारं व्हायला दिवाळी लागत नाही, काळजी पुरते.

त्या राज्यात गावाच्या टोकाला येसू नावाची एक बाई राहायची. बांबूच्या कामट्या काढायची, त्यांची सुपं आणि टोपल्या विणायची. दिवाळीत कंदिलांचे सांगाडे करायची, आणि असे हलके करायची की फुंकर मारली तर उडतील. नवरा रानातून बांबू आणायचा. आणि तिला एक मुलगी होती, ठकी.

ही ठकी, बरं का, तेव्हा चालायला शिकत होती. उदा गेला त्या सकाळी तिनं दाराची चौकट धरली, उभी राहिली आणि उंबऱ्यावरून एक पाऊल उचललं. आता टाकते, मग टाकते, येसू श्वास धरून बघतेय. आणि तेवढ्यात दवंडी आली. ठकी बदकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठली, चौकट धरली, पाऊल उचललं, बदकन बसली. तिसऱ्या दिवशी तेच. पुढच्या वर्षी तेच. वर्षांमागून वर्षं गेली आणि ते पाऊल काही खाली पडेना.

येसूला सुरुवातीला आनंदच झाला. कुठल्या आईला नाही होणार? कडेवरचं पोर कडेवरच राहतंय. पण एकदा काय झालं, डोक्यावर सुपांची चळत, कडेवर ठकी, अशी ती बाजारातून येत होती. आणि तिच्या हातातलं बळच गेलं. पोर सरकलं. कसंबसं तिनं गुडघा वर करून धरलं आणि तिथेच रस्त्यात बसली. शेजारी डबकं होतं, त्यात तिनं आपलं तोंड पाहिलं. केस पिकायला लागलेले. तिच्या मनात आलं, मी म्हातारी होईन. एक दिवस मरूनही जाईन. आणि ही पोर चौकट धरून, पाऊल उचलून तशीच उभी राहील. मग हिला कडेवर कोण घेईल? येसू तिथे रस्त्यात बसून रडली, लोक बघत होते तरी रडली.

मग घरी आली, तोंड धुतलं आणि म्हणाली, राजाचं काय व्हायचं ते होवो, माझ्या लेकीची दिवाळी मी करणार. दार लावून घेतलं. कणीक मळली, गुळाचं सारण केलं, करंज्या लाटल्या. चुलीवर कढई ठेवली. खाली जाळ धडधडतोय आणि वर तेल विहिरीच्या पाण्यासारखं गार! करंजी सोडली तर ती तळाशी जाऊन पडली. मग तिनं कणकेचा दिवा केला, निदान लेकीला ओवाळू तरी. वात काही पेट घेईना. येसूनं सगळं आवरून ठेवलं.

मग तिला आठवलं. म्हणाली, अगं, मी वेडी आहे का? आपल्यात रीत आहे ना, माहीत आहे ना तुम्हाला? ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानं आपण होऊन सण करायचा नसतो. शेजारचं कुणीतरी फराळाचं ताट घेऊन येतं, आपल्या हातानं त्यांना घास भरवतं. मग त्या घरचा दुखवटा निघतो आणि सण मोकळा होतो. म्हणजे शेजारणीला सांगायला हवं. ती गेली पलीकडच्या द्वारकाबाईकडे. द्वारकाबाईचा नातूही रांगताच राहिलेला. तिनं येसूचा हात धरला आणि म्हणाली, "अगं, नाही का म्हणेन मी? पण माझ्याही घरी दुखवटाच आहे ना गं. मी कुठल्या तोंडानं ताट आणू?" येसू पुढच्या घरी गेली. तिथेही तेच. साऱ्या आळीत तेच. सगळी घरं दुखवट्याची, मग शेजारी म्हणून उरलं कोण?

मग तिनं ठकीला पाठीशी बांधलं आणि नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात गेली. तिथे तिची मावशी होती, रंगूमावशी. मावशीच्या अंगणात एक मुलगी रांगोळी काढत बसली होती. लांब वेणी, भराभर ठिपके टाकतेय. येसूनं विचारलं, "ही कोण गं?" मावशी म्हणाली, "अगं, विसरलीस? माझी नात. तुझी ठकी आणि ही एकाच महिन्यातल्या." येसूनं पाठीवरच्या ठकीला चाचपलं.

मावशीनं तिला पोटाशी धरलं. गाठोडं भरून करंज्या दिल्या. पण बरोबर यायला काही तयार होईना. "तुमच्याकडे आलो आणि आमचीही पोरं थांबली तर?" म्हणाली. खरंच होतं तिचंही. येसू गाठोडं घेऊन निघाली. तेव्हा दारापर्यंत येऊन मावशीनं सहज विचारलं, "येसू, त्या राणीकडे तुमच्यापैकी कोण कोण जाऊन आलं गं? फार रडत असेल बिचारी."

येसू मनाशी एकेक घर मोजायला लागली. कोण गेलं होतं? ती नाही. द्वारकाबाई नाही. आळीतलं, गावातलं, साऱ्या राज्यातलं कुणीसुद्धा नाही. सगळ्यांनी दिवे विझवले, सगळ्यांनी गोड सोडलं, आणि जिचं पोर गेलं तिच्या दारात एक माणूस गेलं नव्हतं. जो तो आपापल्या घरी दुखवटा पाळत बसलेला. खरा दुखवटा तर त्या एकाच घरी होता, बाकी सगळे त्या घराचे शेजारीच.

नदी ओलांडून येसू ह्या तीरावर आली आणि गाठोडं सोडून पाहते तर करंज्यांची वाळू झालेली. दुसऱ्याच्या दारात मागून आणलेल्या ना त्या, देणारी कुठे आली होती बरोबर? पण ह्या वेळी येसू रडली नाही. वाळू नदीत टाकली, हात झटकले आणि झपाझप घरी आली.

पुन्हा कणीक मळली. पुन्हा सारण केलं. कढई ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे माझ्यासाठी नाही. माझ्या लेकीसाठीही नाही. हे राणीसाठी आहे." आणि काय सांगू तुम्हाला, तेलानं चर्र केलं! असा सुंदर आवाज. द्वारकाबाई धावत आली, आळीतल्या बायका आल्या, सगळ्या दारात उभ्या राहून नुसता तो आवाज ऐकत होत्या. पदर डोळ्यांना लावत होत्या.

करंज्या भरताना येसूचा हात मात्र एकदा थांबला. करंजीच्या कडेला आपण मुरड घालतो, पाहिली आहे ना? जाणाऱ्या माणसानं परत वळून यावं म्हणून मुरडीचे कानवले देतात. येसूच्या मनात आलं, तो आता यायचा नाही. उगाच त्या माउलीला आशा कशाला लावायची? म्हणून तिनं मुरड घातली नाही. कडा नुसत्या बोटानं दाबल्या, साध्या. मग बांबूच्या चार कामट्या घेतल्या, कंदिलाचा सांगाडा बांधला. करंज्या, कागद आणि तो चिकटवायला वाटीभर खळ टोपलीत ठेवली, एक कणकेचा दिवाही ठेवला. ठकीला कडेवर घेतलं आणि दिवेलागणीला राजवाड्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

पहारेकरी म्हणाला, "बाई, कुठे निघालीस? आत दुखवटा आहे."

येसू म्हणाली, "म्हणूनच आलेय."

पहारेकऱ्याचंही घरी एक पोर होतं, थांबलेलं. तो बाजूला झाला.

आत राणी पायरीवर बसली होती. केस मोकळे, हात मांडीवर. येसू तिच्या शेजारी जाऊन बसली. खाली, पायरीवरच. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. बसली नुसती. ठकी राणीच्या बांगड्यांशी खेळायला लागली. कितीतरी वेळानं येसूनं विचारलं, "राणीसाहेब, उदाला काय आवडायचं?"

इतक्या वर्षांत त्याचं नाव राणीच्या कानावर पडलं नव्हतं, बरं का. तिला वाईट वाटेल म्हणून कुणी घेतच नव्हतं. राणी एकदम म्हणाली, "करंजी. पण आतलं सारण तेवढं खायचा आणि वरची पारी माझ्या ताटात टाकायचा. लबाड होता." आणि हसली. आणि हसता हसता असा हंबरडा फोडला की आतून राजा धावत आला.

राजानं टोपली पाहिली आणि लाल झाला. "कढई चढवलीस? माझी दवंडी ऐकली नाहीस?"

येसू घाबरली. घाबरणारच, राजा तो. पण उठली नाही. म्हणाली, "महाराज, मी माझ्या घरी सण केला नाही. तुमच्या घरी आलेय. आधीच यायला हवं होतं, सगळ्यांनीच. पण तुम्ही आम्हाला दुखवट्यात बसवलंत. दोघंही दुखवट्यात, मग कुणी कुणाच्या दारी यायचं?"

राजा उभाच राहिला. मग एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, कुणी तरी येईल." आणि तोही पायरीवर बसला. राजे पायरीवर बसत नाहीत, पण हा बसला.

येसूनं करंजी मोडून राणीला घास भरवला. मग राजाला. राजा तो घास कितीतरी वेळ चावत राहिला. मग येसूनं त्याच्यापुढे कंदिलाचा सांगाडा ठेवला आणि म्हणाली, "कागद लावा. खळ पातळ झालीय, बोटानंच लावावी लागेल." राजानं जन्मात कधी हातानं काही चिकटवलं नव्हतं. इकडे सुरकुती, तिकडे भोक, दाढीला खळ. असा वाकडा कंदील झाला की विचारू नका. तरी त्यानं तो स्वतः बांधला.

आणि मग येसूनं कणकेचा दिवा राणीच्या हातात दिला. वात लावली, आणि ह्या वेळी ती पेटली. येसू म्हणाली, "राणीसाहेब, माझ्या ठकीला ओवाळाल? सुरुवात तुमच्या हातून व्हायला हवी."

राणीनं दिवा वर उचलला आणि तिचा हात तसाच थांबला. का थांबला माहीत आहे? राजानं ओळखलं. तो हळूच म्हणाला, "हिला ओवाळलंस की साऱ्या राज्यातली मुलं मोठी व्हायला लागतील. उदाचे सवंगडी मोठे होतील. तो एकटाच तेवढा राहील." इतकी वर्षं सगळी मुलं थांबलेली होती, म्हणजे उदाही मागे पडला नव्हता. आता त्याला मागे ठेवायचं होतं. सांगा, कुठल्या आईचा हात उचलेल?

येसू घाई कर म्हणाली नाही. तिच्या कमरेला कळ लागली होती, तरी ठकीला घेऊन उभी राहिली. दिव्यातलं तेल कमी होत चाललं होतं.

मग राणीनं ठकीकडे पाहिलं. तिचे ते इवले पाय, तळवे अजून मऊ, एकही पाऊल न चाललेले. आणि राणी म्हणाली, "जाऊ देत त्यांना. त्यांच्या आया वाट बघताहेत." तिचे डोळे वाहत होते आणि हात ओवाळत होता.

ओवाळून झालं. ठकी कडेवरून खाली उतरली. राजवाड्याच्या दाराची चौकट धरली. एक पाऊल उचललं. येसूनं श्वास धरला. राणीनंही धरला. आणि पाऊल पडलं! उंबऱ्याच्या पलीकडे, टप्पकन. मग दुसरं पडलं. मग तर काय, निघालीच पोरगी, डुलत डुलत, मागे वळूनसुद्धा न बघता. येसूचा हात रिकामा झाला. तो हात कितीतरी वेळ कमरेपाशी तसाच वाकलेला होता. लेक चालली म्हणून तिला इतका आनंद झाला, आणि कडेवर कुणी नाही म्हणून पोटात तुटलंही. ती आणि राणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी घराघरात तेल तापलं. दिवे लागले. पोरांच्या हिरड्यांतून दात वर आले, सदरे तोकडे झाले आणि आयांनी ओरडत ओरडत, हसत हसत नवे शिवले. उदाचे सवंगडी मोठे झाले. त्यांना मिशा फुटल्या. राणी त्यांना दरवर्षी फराळाला बोलवायची आणि प्रत्येकाकडे नीट निरखून बघायची. कधी हसायची, कधी आत निघून जायची. ते समजून असायचे.

आणि राजानं पुन्हा एकदा दवंडी पिटली. म्हणाला, "दिवाळीचा पहिला घाणा निघाला की ज्या घरी दुःख झालंय त्या घरी ताट न्यायचं. आणि ताट नुसतं ठेवून यायचं नाही. बसायचं." ती माणसं तशी वागली, आणि सुखानं राहिली. दुःख होतंच मधे मधे. तरी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. दिग्या, जागा आहेस? बरं. मग ऐक, उद्या आपल्या करंज्यांचा पहिला घाणा निघाला की कुणी डब्याला हात लावायचा नाही. ते ताट पलीकडच्या शेवंताकाकूंकडे जायचं आहे. काका गेल्यापासून त्यांच्या दारात दिवा नाही. तुम्ही दोघं माझ्याबरोबर यायचं. काय बोलायचं? काही बोलायचं नाही, शमे. त्यांच्याजवळ बसायचं. त्या काकांबद्दल काही सांगायला लागल्या तर ऐकायचं, आणि कितीही वेळ लागला तरी घरी चल म्हणून माझा पदर ओढायचा नाही. चला, आता मिटा डोळे. उद्या लवकर उठायचंय.